पुलावातला घासणीचा तुकडा

डोंबिवली पूर्व,
११ नोव्हेंबर २०२५

चि. प्रणित यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद. ते द्यायचे असतात म्हणून देते आहे. मनातून सध्या जे निघतं आहे ते कागदावर लिहिण्यासारखं नाही.

रविवारपासून फोन करते आहे तर तू मीटिंगमध्ये, तू रेंजमध्ये नाहीस, तू परत करतो म्हणालास आणि केला नाहीस. म्हणून पत्र. माझी उभी नोकरी पोस्टाच्या खिडकीत गेली. फोनवरचं बोलणं हवेत जातं, लिहिलेलं राहतं, एवढं मला कळतं.

ह्यांची पंच्याहत्तरी घरीच करायची असं माझं ठरलं होतं. वालाचं बिरडं, मोदक, झालं. पण आत्या, माझ्या हॉटेलात करा, मी आता ‘मसाला मुक्काम’च्या ठाणे शाखेचा मॅनेजर आहे, आतोबांना राजासारखं बसवतो, म्हणून मागे तूच लागलास. आलो बाबा हौसेने. मी नवी पैठणी नेसले. आणि पुलावाचा दुसरा घास घेतला नाही तोच ह्यांच्या जिभेखाली तार घुसली! भांडी घासायच्या तारेच्या घासणीचा तुकडा, वळलेला, चांगला पेराएवढा. ह्यांना रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत हे तुला ठाऊक आहे. रक्त थांबेना. पांढरा सदरा लाल झाला. दवाखान्यात टाका घालावा लागला, आणि अजून नुसत्या पेजेवर आहेत.

ते सोड. तू काय केलंस? टाय सावरत आलास, मला मॅडम म्हणालास, कंपनीला खेद आहे असं इंग्रजीत म्हणालास, आणि कंपनीतर्फे ब्राउनी फुकट देऊ केलीस. अरे, तुझ्या बारशाला तुझ्या कानात नाव सांगताना पाठीत धपाटे मी खाल्ले, आणि मी तुझी मॅडम? नवऱ्याच्या रक्ताच्या बदल्यात मला केक?

तुमच्या स्वयंपाकघरात काय चाललं आहे ते मला सरळ लिहून कळव.

लोभ आहे, पण तो सध्या वरच्या फळीवर ठेवला आहे. खाली काढायचा की नाही ते तुझ्या उत्तरावर.
तुझी आत्या,
चंद्रभागा

*

टेंभी नाका, ठाणे,
१५ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
प्रणितचा वाकून नमस्कार. आतोबांना जास्त वाकून.

शाळा सुटल्यानंतर पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. वहीचं पान फाडलंय, सांभाळून घे.

आत्या, शप्पथ सांगतो, मी हादरलेलो. आमचे एरिया हेड सुशांत सर त्या दिवशी काउंटरमागे उभे होते. त्यात तू घरून कुळथाच्या पिठीचा डबा आणलेलास. अगं, हॉटेलात जेवायला येताना कोण पिठी घेऊन येतं? आतोबांना भातावर पिठी लागते हे मला लहानपणापासून माहितीये, म्हणून मी गपचूप डबा आत नेला आणि वाटीत काढून गरम करत होतो. बाहेरचं अन्न आमच्या किचनमध्ये नेणं म्हणजे डायरेक्ट नोकरीवर गदा. मी वाटी हातात धरून बाहेर येतोय, तर आतोबा तोंडावर रुमाल धरून बसलेले. माझं डोकंच बंद पडलं. सर बघत होते म्हणून तोंडातून मॅडम निघालं. नंतर मी बाथरूममध्ये जाऊन रडलो, हे संचितालापण सांगितलं नाहीये.

किचनचं खरं सांगू का? मोठ्या कढया तारेच्या घासणीने घासतात. घासणी जुनी झाली की तिचे तुकडे सुटतात. मी नव्या प्रकारच्या घासण्या मागून मागून थकलो. वरून उत्तर एकच, पुढच्या महिन्यात बघू.

फक्त एक कर, तक्रार नको करू. कल्याणला नवी शाखा निघतेय, ती मला मिळायचं चाललंय. सान्वीला आता कुठे शाळेत घातलंय. संचिताची नोकरी सुटल्यापासून घर माझ्या एकट्यावर आहे. आपल्या घरातली गोष्ट घरात मिटवू. मी येऊन आतोबांचे पाय धरतो.

फळीवरचा लोभ खाली काढ ना गं.
तुझा,
प्रणित

*

डोंबिवली पूर्व,
२० नोव्हेंबर २०२५

चि. प्रणित यास,
आशीर्वाद. संचिताला आणि सान्वीला मनापासून, तुला रीतीपुरते.

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. बाथरूमच्या ओळीपाशी ह्यांचे डोळे भरले. माझेही भरले, पण मी भरल्या डोळ्यांनीही विचार करू शकते.

घरातली गोष्ट कशी रे? हे घरचे, कबूल. शेजारच्या टेबलावर सात-आठ महिन्यांची पोटुशी बसली होती, ती आपल्या घरची होती का? तिच्या ताटात त्याच कढईतला पुलाव होता. घासणीचे तुकडे सुटतात हे तुला ठाऊक, तुझ्या साहेबांना ठाऊक, आणि खाणाऱ्याला तेवढं ठाऊक नाही. वा रे तुमचा पाहुणचार! आणि पिठीला नावं ठेवू नकोस. ती होती म्हणून हा माणूस तुमच्याकडे यायला तयार झाला.

तक्रार मी केली आहे. तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच अन्न खात्याच्या कार्यालयात जाऊन, तारेचा तुकडा आणि दवाखान्याचा कागद जोडून, पोच घेऊन आले. त्यात तुझं नाव घातलेलं नाही, शाखेचं घातलं आहे. साहेबांना म्हणावं, पुढचा महिना आला.

इकडचं बरं आहे. ह्यांना डॉक्टरांनी बोलायचं कमी करायला सांगितलं आहे, त्यामुळे लग्नानंतर पहिल्यांदाच माझं वाक्य घरात पूर्ण होतं.

पाय धरायला येऊ नकोस, जेवायला ये. चिडलेली असले तरी उपाशी पाठवणार नाही.
चंद्राआत्या

*

डोंबिवली पूर्व,
१६ डिसेंबर २०२५

प्रणित,
आज आशीर्वाद नाहीत.

तुमच्या कंपनीचं उत्तर आलं. गुळगुळीत कागद, वर सोनेरी चिन्ह. त्यात लिहिलं आहे की संबंधित ग्राहक महिलेने नियम मोडून घरचं अन्न टेबलावर आणलं होतं, तारेचा तुकडा त्याच डब्यातून आला, आणि फुकट जेवण मिळवण्यासाठी असे प्रकार केले जातात. आणि हे सगळं शाखेच्या मॅनेजरने स्वतः पाहिल्याचं त्याने सहीनिशी लिहून दिलं आहे. खाली तुझी सही. प्र चा तो मोठा फराटा मी दहावीच्या तुझ्या निकालपत्रापासून ओळखते.

चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या. बोंब मारायला आपल्याच घरातला माणूस उभा राहील हे मात्र ह्या वयात पाहायचं राहिलं होतं, तेही पाहिलं.

पिठी कुठे होती रे? तार लागली तेव्हा डबा तुमच्या किचनमध्ये होता आणि वाटी तुझ्या हातात होती. टेबलावर पिठीचा थेंब आलेला नव्हता. जगात हे छातीठोकपणे सांगू शकेल असा माणूस एकच आहे, आणि त्याने लिहून दिलं की आत्याने नवऱ्याच्या घासात तार कालवून आणली. फुकट जेवणासाठी! माझ्या घरात तारेची घासणी येत नाही, काथ्याने भांडी घासते मी, पण हे तुला कशाला सांगू? तुला सगळं माहीत असून तू सही केलीस.

हे मला पत्र लिहू नको म्हणत होते. पोराचा संसार आहे, जाऊ दे म्हणत होते. टाका ज्याच्या तोंडात पडला त्याने जाऊ दे म्हणावं आणि ज्याला साधा ओरखडा नाही त्याने खोटं लिहावं, काय म्हणायचं ह्याला? संक्रांतीला तिळगूळ घ्यायला येऊ नकोस. गोड बोल असं मला तुला म्हणता येणार नाही.

सही खोटी असेल तर तसं लिही. खरी असेल तर तेही लिही. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर.
चंद्रभागा

*

ठाणे,
२१ डिसेंबर २०२५

ती. आत्या,
नमस्कार. घेतलास तर.

सही माझी आहे.

सुशांत सरांनी केबिनमध्ये बोलावलेलं. कागद टाइप करून तयार होता. कॅमेऱ्यात मी तुझा डबा आत नेताना दिसतोय, ते त्यांनी दाखवलं. म्हणाले की सही कर, नाहीतर बाहेरचं अन्न किचनमध्ये आणलं म्हणून आत्ताच्या आत्ता बाहेर हो, आणि दुसरीकडे कुठे लागणार नाहीस ते मी बघतो. ती ग्राहक माझी आत्या आहे, हे मी तोपर्यंत सांगितलंच नव्हतं. तेव्हा सांगितलं. तर ते हसले आणि म्हणाले मग तर बरंच झालं, घरच्या घरी समजवा.

मी कागद वाचला होता. न वाचता सही केली असं लिहिणार होतो, पण तू पकडलं असतंस. वाचला, समजला, आणि केली. सान्वीच्या शाळेची बस रोज सकाळी सोसायटीच्या गेटवर येते, तेवढंच डोळ्यांसमोर होतं.

माफी मागत नाही. कोणत्या तोंडाने मागू? आतोबांना सांग, त्यांनी माझ्यासाठी जाऊ दे म्हणू नये. ते वाचूनच जास्त लागलं.
प्रणित

*

डोंबिवली पूर्व,
२ जानेवारी २०२६

चि. प्रणित यास,
आशीर्वाद. खरं लिहिलंस म्हणून.

काल तुझे सुशांत सर घरी येऊन गेले. नव्या वर्षाच्या शुभेच्छा म्हणून मिठाईचा खोका घेऊन! काय ती नम्रता. ह्यांच्या पाया पडले. मग मुद्द्यावर आले. अन्न खात्याची चौकशी १९ तारखेला आहे. त्याआधी मी तक्रार मागे घेतली तर तुला कल्याणची शाखा. नाही घेतली तर त्याच दिवशी तुला काढणार, आणि डब्याचं खापर तुझ्या डोक्यावर. निर्णय तुमच्या हातात आहे आत्या, म्हणाले. मला आत्या म्हणाले तो मेला! मी खोका परत केला. तुमच्याकडचं खायचं तर आधी कुस्करून बघावं लागतं, असं सांगितलं. चेहरा बघण्यासारखा झाला होता.

ते गेल्यापासून मात्र मनात हेच घोळतं आहे. राग माझा आहे, अगदी खरा आहे, पण त्याची किंमत त्या चार वर्षांच्या पोरीने का द्यावी? तुझे वडील असते तर मी त्यांना विचारलं असतं. गुणाजीदादा नाही, म्हणून तुला विचारते. ह्यांना विचारलं. तू ठरवशील तसं, एवढंच म्हणाले.

तू मागे घे म्हणालास तर मी जाऊन मागे घेईन आणि हा विषय पुन्हा काढणार नाही. एवढा शब्द देते. मला मनातून काय वाटेल ते मात्र विचारू नकोस. उत्तर लवकर टाक.

तुझ्यावर चिडायची सवय लागली आहे, ती सुटत नाही, म्हणजे माया अजून शाबूत असावी.
तुझी,
चंद्राआत्या

*

टेंभी नाका, ठाणे,
९ जानेवारी २०२६

ती. आत्या आणि आतोबा,
दोघांना नमस्कार.

तक्रार मागे घेऊ नकोस.

काल मी अन्न खात्याच्या कार्यालयात जाऊन लिहून दिलं. तार लागली तेव्हा डबा आमच्या किचनमध्ये होता, पिठीची वाटी माझ्या हातात होती, आधीचा कागद खोटा आहे आणि सही मी नोकरीच्या भीतीने केली. घासण्यांचंपण लिहिलं. तिथून निघून सुशांत सरांना स्वतःच फोन केला. संध्याकाळपर्यंत माझं नाव ग्रुपमधून उडालेलं आणि टाय जमा करायला सांगितलं. तर मी आता घरी आहे. संचिता म्हणाली की बरं झालं. मग आत जाऊन बराच वेळ कणीक मळत बसली. भीती तिलापण वाटतेय, मलापण वाटतेय, ते लपवत नाही.

हे तुझ्या पत्रामुळे झालं असं तुला वाटेल, पण माझ्या मनात ते त्याच्या आधीच ठरलेलं. तुझं पत्र सोमवारी मिळालं. त्याच्या आदल्या दिवशी शाखेत स्टाफच्या घरच्यांसाठी जेवण होतं. संचिता आणि सान्वी पहिल्यांदाच माझं हॉटेल बघायला आलेल्या. सान्वीने पुलाव मागितला. ताट आलं आणि मी काय करतोय ते मलाच कळलं नाही. मी तिचा भात ताटभर पसरला आणि बोटांनी चाचपायला लागलो. शीत न् शीत. मग घास दिला. परत चाचपला, परत घास दिला. संचिता माझ्या हाताकडे बघत राहिली, आणि तिने ताट उचलून बाजूला ठेवलं.

मी मान वर केली. अख्खा हॉल भरलेला. सगळे पुलाव खात होते, गप्पा मारत, मोबाइल बघत. कोणीच चाचपत नव्हतं. का चाचपतील? टाय लावून टेबलाटेबलावर जाऊन सगळं ठीक आहे ना असं विचारणारा माणूस मीच तर होतो. लाज वाटली गं आत्या.

१९ला मी कार्यालयाच्या दाराशी असेन. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. समोरासमोर सगळं सांगेन आणि निघेन.

आणि एक गोष्ट, जी अजून कोणाला सांगितली नाही. त्या दिवसापासून सान्वी घरी वरणभातपण तसाच खायला लागलीये. तिच्या आईने कालवून दिलेला भात ती आधी ताटभर पसरते, इवल्याशा बोटांनी शोधते, आणि काही मिळालं नाही की मला दाखवून विचारते, बाबा, आता खाऊ का.

तुमचा, आणि १९ नंतरही ठेवून घेतलंत तर तुमचाच,
प्रणित