पाठमोरा पहारा

१२ ऑक्टोबर २०१३

इचिकावाहून गाड्या बदलत एकदाचा पोचलो. ओकुमुरा या जपानी आजींच्या डोंगरातल्या लॉजमध्ये भानुदासकाका करी रांधतात. मी त्यांच्या हाताखाली. खोली स्वच्छ, खिडकीत पानं पिकून लालभडक झालेला डोंगर. बारावी हुकलेल्याला आणखी काय हवं? काका म्हणाले, आधी कांदा बारीक चिर, मग डोंगर बघ.

१३ ऑक्टोबर

वर ओढ्याच्या खळग्यात गरम पाण्याचा झरा आहे. भूकंपानंतर फुटला. भिंत नाही, पाटी नाही. काकांचे गुडघे त्या पाण्यानेच हलके होतात. आजींनी बजावलं, ते उतरवून ठेवतो. एकट्याने जायचं नाही. पाणी आधी कोपराने बघायचं. एकाने काठावर उंच बसून पाण्यावर नजर ठेवायची, हाका मारायच्या, पाण्यातल्याने ओ द्यायची. सडक्या अंड्यांचा वास अचानक थांबला, तर वायू वाढून नाक मेलं असं समजायचं आणि वर यायचं. ओ आली नाही, तर खाली उतरायचं नाही; धावत जाऊन माणसं आणायची.

१५ ऑक्टोबर

इथे सगळे कपडे काढून पाण्यात उतरतात. मला लाज वाटली. काका म्हणाले, तुला बघायला काय अस्वलं रांगेत उभी आहेत? पण स्वतःची वेळ आली तेव्हा तेही लाजले. मग ठरलं, काठावरच्याने पाठ करून बसायचं. मी वही घेऊन बसतो. हाक मारली की ओ येते.

१८ ऑक्टोबर

हाक मारली. ओ आली. पुन्हा मारली, पुन्हा आली. आणि समोरच्या पायवाटेने काका आले, कोरडे, खांद्यावर पंचा. म्हणाले, पंचा विसरलो होतो, तुझ्या मागूनच तर गेलो. मी वळून पाहिलं. पाण्यात कोणी नव्हतं. काका म्हणाले, खळग्यात आवाज घुमतो. माझा आवाज घुमून काकांचा कसा होईल?

१९ ऑक्टोबर

आज मी पाण्यात. काकांनी हाक मारली. मी तोंड उघडण्याआधीच ओ गेली. माझ्याच आवाजात. शेजारून.

काका म्हणाले, वायूने भास होतात, तू आता उतरू नकोस. आजींना सांगितलं नाही. पाठ करून बसतो, हेही सांगावं लागलं असतं.

२१ ऑक्टोबर

काका एकटेच निघाले होते, म्हणून आलो. आज पाठ करणार नाही म्हटलं. काका रागावले. केली पाठ.

हाक. ओ.

हाक. ओ.

वास येत नाही. केव्हापासून—

वळलो. काका पालथे. तोंड पाण्यात.

हाक मारली. ओ आली.

धावायला हवं. पाय उठत नाहीत. भीतीही वाटत नाही, नुसतं जड. हात तेवढा चालतो.

आता खालून हाक येते. माझ्या नावाने. काकांच्या आवाजात. ओ द्यायची नाही. तोंड घट्ट मिटून—

ओ गेली. माझी. पण मी तर तोंड