गॅल्वनाइज हाय, गंजत न्हाय

१२ जानेवारी, रविवार
तळहात लाल! मेंदी नव्हे — गंज. बाहेरच्या जिन्याचा कठडा धरून वर गेले आणि हात रंगवून खाली आले. दिपेशला दाखवला. नवरा म्हणतो, "जीआय पाइप हाय तो. गॅल्वनाइज हाय, गंजत न्हाय." मग हे काय? "धूल असंल." दिवसभर बंदरात ट्रेलर चालवतो, उठता-बसता लोखंड, आणि ही अक्कल!

वर गेले ते रिकामी खोली बघायला. मला तिथे शिवणक्लास काढायचाय. लग्न होऊन आल्यापासून माझं मशीन स्वयंपाकघराच्या दाराआड आहे, त्यावर तांदळाची गोण; शिवायचं तर आधी ती उतरवायची. सासूबाईंना विचारलं. "आधी जिना बघ. कुनाची पोर पडली तं? गंज काढ, मंग बोलू." ठीक. काढते.

१४ जानेवारी
संक्रांत. सासूबाईंनी तिळगूळ घेतला. गोड बोलायचं राहिलं.

१६ जानेवारी
गंजाचं कारण सापडलं! कठड्यावर बोंबील! करंजाच्या मासळी धक्क्यावरून आणलेले ओले बोंबील, तोंडात तोंड अडकवून ओळीने लटकवलेत आणि खारं पाणी टपटप पाइपवर. अंगणात बोंबील सुकवायची बांबूची वलांडी रिकामी उभी. "तिथं मांजर येतं," सासूबाई म्हणाल्या. म्हणजे मांजराला जिना चढता येत नाही! मांजर तेव्हा वरच्या पायरीवर बसून आम्हा दोघींकडे बघत होतं.

१९ जानेवारी
उरणला हार्डवेअरच्या दुकानात विचारून आले. या पाइपवर जस्ताचा थर असतो. खार्‍याने तो खाल्ला की आतलं लोखंड उघडं पडतं. गंज तेवढा घासायचा, चांगलं जस्त सोलायचं नाही. गोड्या पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं, झिंकचं प्रायमर लावायचं, मग रंग.

घरी येते तर दिपेश मित्राचं ग्राइंडर घेऊन तयार! "चकाचक करतो बघ." चकाचक कसला, नागडा करशील कठडा! मागे यानेच पाइपला थेट ऑइलपेंट फासला होता, त्याचे पापुद्रे अजून अंगणात सापडतात. ग्राइंडर परत पाठवलं. तोंड फुगवून बसलाय. बसू दे.

२२ जानेवारी
पॉलिश पेपरने एकेक डाग घासतेय. नखं संपली. विहिरीचं पाणी मचूळ, म्हणून नळाचं भरून ठेवलं. सासूबाई: "कठड्याला गोडं पानी, नि मानसांनी काय प्यावं?" लेक ट्रेलर धुतो तेव्हा यांना माणसं आठवत नाहीत.

२५ जानेवारी
रडले. रागाने रडले. ब्लाउज पोचते करून आले तर कठडा लखलखतोय. सासूबाईंनी चिंच आणि मीठ लावून घासला! देवाची भांडी घासतात तसा! "कल्पिते, गनपतीचं ताम्हन कसं चमकतं? तसाच केला बघ." अहो, ते तांबं आहे! आंबटाने आणि मिठाने उरलंसुरलं जस्तही गेलं. वर पुन्हा, "तुलाच मदत केली गो," आणि कोपरापर्यंत चिंच. मनापासून केली होती, हेच वाईट. धड भांडताही येईना.
दिपेश म्हणाला, "आता बरा दिसतो."

२७ जानेवारी
दव पडलं. कठडा नारिंगी झालाय. परत पहिल्यापासून!

३१ जानेवारी
प्रायमर लागलं! राखाडी, पण मला देखणं दिसतंय. सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून पुठ्ठ्यावर बोंबलाचं चित्र काढून त्यावर फुली मारली आणि कठड्याला टांगलं. शेजारच्या मनुबाई फाटकातून विचारतात, "बोंबील इकायला काढलंस का गो?"

३ फेब्रुवारी
हिरवा रंग सुकला. सगळ्या कठड्यावरून हात फिरवला. तळवा स्वच्छ! इतका आनंद झाला की पुन्हा एकदा फिरवला.

सासूबाई कठडा धरून वर गेल्या, खोलीत फिरल्या, खिडकी उघडून बघितली. मी खाली चहा ठेवला. आता हो म्हणणार! चहा पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "झ्याक झाला जिना. आता हितेशचं लगीन उरकू. वरची खोली त्याला दिऊ." हितेश म्हणजे धाकटा दीर. कठड्याला बोट लावलं नाही त्याने. आणि माझा क्लास? "तुजं मशीन हाय तिथं बरं हाय."
म्हणजे मी घासलं ते नव्या जावेच्या स्वागतासाठी! मला फार वाईट वाटलं. भात करपला. दिपेश तसाच जेवला. त्याच्याकडून दुसरं काय होणार?

४ फेब्रुवारी
सकाळी तांदळाची गोण उतरवली. मशीन उचलायला वाकले तर दुसरी बाजू दिपेशने आधीच धरलेली. दोघांनी वर नेलं. खालून सासूबाई ओरडल्या, "अरं, मंग हितेश कुठं र्‍हाईल?"
दिपेश कठड्यावरून वाकला. "त्याला दुसरी खोली नि दुसरा जिना बांधून देऊ, आये. गंज त्याचा तो काढंल."