हिरव्या पाण्याची वाट

१ एप्रिल
नवं शैक्षणिक वर्ष. विद्यापीठातल्या माझ्या कंत्राटाचं शेवटचं. पण घाबरण्याचं कारण नाही. विभागप्रमुख मुनाकाता सेन्सेई पुढच्या मार्चात निवृत्त होताहेत. म्हणजे एक कायमची जागा निघणार, आणि हिशिनो सरोवराच्या प्रदूषणावर कुरेबायाशी तेत्सुरोइतकं, म्हणजे माझ्याइतकं, या भूतलावर कुणी लिहिलेलं नाही. छापून कमी आलं, ती गोष्ट वेगळी.

यंदा ऑगस्टमध्ये सरोवरात विषारी शेवाळाचा प्रचंड उद्रेक होणार. पाणी माच्चा चहासारखं हिरवंगार. हे मी नाही, माझं मॉडेल म्हणतं. गेले चार उन्हाळे ते हेच म्हणतंय. मॉडेल बरोबर आहे, सरोवर मागे पडलंय.

संकल्प: इंग्रजीत तीन पेपर. रोज सकाळी रेडिओवरचा व्यायाम. मशीनमधून घ्यायची डब्यातली कॉफी कायमची बंद.

४ एप्रिल
डब्यातली कॉफी. एकच. मीटिंग होती.
व्यायाम सोमवारपासून.

१९ एप्रिल
नमुने घ्यायला बोटीतून गेलो. खाली वाकून पाहिलं तर तळातले शिंपले दिसले. एकेक वेगळा. शेवाळाचा पत्ता नाही.

याला जबाबदार तोमोए. माझी बायको. नगरपालिकेच्या सांडपाणी विभागात इंजिनीअर आहे. सरोवराभोवतीच्या गावांचं मैलापाणी तिने एका पाइपात घातलं, शुद्धीकरण केंद्र उभं केलं, आणि शेवाळाच्या तोंडचा घास काढून घेतला. बाई चांगली आहे. पण एकाच घरात राहून नवऱ्याच्या पोटावर पाय द्यायचा म्हणजे काय!

आज हे तिला सुनावणार होतो. जेवणात तळलेले छोटे मासे होते, तिने फार छान केले होते.

२६ मे
स्वच्छ पाण्यासाठी तोमोएला पुरस्कार. मुनाकाता सेन्सेई समारंभाला आले, पहिल्या रांगेत बसले. सांडपाण्याच्या कार्यक्रमाला विभागप्रमुखाने का यावं? माझ्यासाठीच, उघड आहे. मी जोरात टाळ्या वाजवल्या. शेजारी मच्छीमार संघाचे म्हातारे अध्यक्ष ओगिवारा बसले होते, ते हाताची घडी घालून. कानात म्हणाले, मास्तर, टाळ्या काय वाजवताय, आपल्या दोघांचं श्राद्ध आहे हे.

७ जून
ओगिवारांशी चांगलंच जमलंय. त्यांचं म्हणणं असं की पाणी इतकं स्वच्छ झालंय की माशांना खायलाच काही उरलं नाही. स्वच्छतेनं काय पोट भरतं का, मास्तर? शास्त्रीय दृष्ट्या हे पूर्णपणे चूक म्हणता येणार नाही.

दोघे मिळून काठावरच्या देवळात गेलो. मी मनातल्या मनात मागितलं. ओगिवारा कानाने कमी ऐकतात, त्यामुळे ओरडून मागतात: देवा, थोडी तरी घाण होऊ दे! पुजारी अंगण झाडत होता, तो झाडायचा थांबला.

संध्याकाळी तोमोए म्हणाली, तुझ्याशी थोडं बोलायचंय, विद्यापीठाबद्दल आहे. म्हटलं, आत्ता नको, मॉडेल ऐन रंगात आलंय.

११ जुलै
मुनाकाता सेन्सेई घरी जेवायला! मोठी घटना. उमेदवाराची घरची मंडळी कशी आहेत हे पाहायची जुनी पद्धत अजून शिल्लक आहे तर. तोमोएने छाप पाडली. फॉस्फरस कसा काढला, पाइपांचा उतार कसा ठेवला, गावकऱ्यांना कसं पटवलं, सेन्सेईंनी तिला खोदून खोदून विचारलं. जेवण थंड झालं. माझ्याकडे वळून एकदाच बोलले: कुरेबायाशी, सॉस दे जरा. किती आपलेपणा!

ते गेल्यावर तोमोए म्हणाली, आता तरी ऐकशील का? म्हटलं, सगळं कळलंय मला, काळजी करू नकोस. ती हातातली ताटली ठेवून माझ्याकडे वळली. म्हणाली, खरंच कळलंय? आणि तुला वाईट नाही वाटत? म्हटलं, वाईट कसलं, आनंदच आहे! तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गुणी बायको मिळायला भाग्य लागतं.

३० जुलै
पेपर परत आला. परीक्षक विचारतो, लेखात शेवाळ कुठे आहे? काय हा उतावीळपणा. येतंय म्हटलं ना.
कॉफी. मोजली नाही.

१२ ऑगस्ट, सकाळी
आलं!!! ओगिवारांचा फोन: मास्तर, हिरवं झालं! पायजम्यातच सायकल मारली. मोठ्या हॉटेलाखालचा अख्खा काठ हिरवा. असा हिरवा की चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिला, तर आणखी हिरवा. मी ओगिवारांना मिठी मारली. आमच्याकडे अशी पद्धत नाही. ते काठीसारखे ताठ उभे राहिले, मग तेही रडायला लागले.

पेपरवाल्यांना फोन केला. टीव्हीवालेही आले. मी सांगितलं, ही तर सुरुवात आहे. पाणी विषारी आहे, कुणी हात लावू नका, पण घाबरू नका, मी आहे.

१२ ऑगस्ट, दुपारी
लिहायलाच हवं का? लिहितो. वैज्ञानिकाने सगळं लिहावं.

मी कॅमेऱ्यासमोर हात लावू नका म्हणत असताना तोमोए मागून गमबूट घालून आली, तिने पाण्यात हात घातला आणि नाकाशी नेला. मग अख्ख्या जिल्ह्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, तेत्सुरो, याला युझू लिंबाचा वास येतोय.

मी म्हटलं, काही शेवाळांना येतो.

ती गटाराची झाकणं उचलत चढावर गेली. हॉटेलच्या मागे आंघोळीच्या पाण्यात टाकायच्या हिरव्या सुगंधी पुडीचं पिंप कलंडलं होतं. सगळी पूड पावसाच्या गटारातून थेट सरोवरात. परतल्यावर तिने टीव्हीला हे सांगितलं आणि वर म्हणाली, कुरेबायाशी-सान यांनी वेळेवर कळवल्याबद्दल नगरपालिका आभारी आहे. ती हसत नव्हती. न हसण्यासाठी तिला किती कष्ट पडत होते ते फक्त मला दिसलं.

१४ ऑगस्ट
टीव्हीवर तेच तेच दाखवताहेत. ‘घाबरू नका, मी आहे’ हे तर शाळेतली पोरंसुद्धा म्हणताहेत. लोक टॉवेल घेऊन काठावर येताहेत. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या मावशींनी विचारलं, सेन्सेई, त्यात पाय बुडवले तर कंबरदुखी जाते का हो?

मात्र रंगामुळे प्रवाहाचा आयता अभ्यास झाला. चौथा पेपर! म्हणजे पहिला.

३ ऑक्टोबर
उद्या मुलाखत. दुसरा एक उमेदवार आहे म्हणे, विद्यापीठाबाहेरचा, प्रत्यक्ष कामाचा अनुभव असलेला. बिचारा. पेपरशिवाय काय करणार?

सायंकाळी तोमोए निळा सूट घेऊन आली, म्हणाली, उद्यासाठी हा चालेल ना? मी भाषणाची तयारी करत होतो. म्हटलं, निळाच चांगला. तिचीही उद्या कसली तरी मीटिंग आहे.

४ ऑक्टोबर
मुलाखत उत्तम. समितीने एकही अवघड प्रश्न विचारला नाही. खरं तर एकही प्रश्न विचारला नाही. बाहेर पडताना जिन्यात तोमोए भेटली, निळ्या सूटमध्ये. मला धीर द्यायला आली होती. किती प्रेम! मी तिला म्हटलं, तू आता घरी जा, माझं झालंय. ती म्हणाली, माझं अजून व्हायचंय.

९ नोव्हेंबर
जागा गेली. कुणाला गेली हे लिहायला पेन चालत नाही म्हणून आधी बाकीचं लिहितो. हवा थंड. रात्री सोबा नूडल्स. सोबा बरे होते. जागा तोमोएला मिळाली.

म्हटलं, तू कधी अर्ज केलास? ती म्हणाली, जूनमध्ये सांगायला आले. जुलैमध्ये तू म्हणालास, सगळं कळलंय, आनंद आहे. मला वाटलं, असा नवरा कुठे मिळणार. मुलाखतीला कोणता सूट घालू तेही तुलाच विचारलं.

मग ती हळूच म्हणाली, सरोवर स्वच्छ कसं होतं हे शिकवायला त्यांना माणूस हवाय. वीस वर्षं गटारात उतरले, पहिल्यांदा कुणीतरी बोलावतंय. पण तू नको म्हणालास तर उद्याच्या उद्या नकार कळवते.

नको म्हणायला तोंड उघडलं होतं. सोबा खाल्ले.

१० नोव्हेंबर
काठावर ओगिवारा जाळं वाळवत होते. सगळं सांगितलं. मला वाटलं, हा तरी माझ्या बाजूचा. ते म्हणाले, मास्तर, माझी म्हातारी चाळीस वर्षं हॉटेलात राबतेय, म्हणून मी मच्छीमार म्हणून मिरवतोय. बायको आणते ना घरात? मग गप गिळा की!

पाण्यात पाहिलं. ऊन थेट तळापर्यंत गेलं होतं. माशांचा एक थवा चमकत वळला. सुंदर होतं, हे मी फक्त इथेच लिहितोय.

घरी आलो. तोमोए दारातच उभी होती, कोट घालून, निघण्याच्या तयारीत. मी म्हटलं, जागा घे. ती म्हणाली, पक्कं? म्हटलं, पक्कं. तिने कोटासकट मला मिठी मारली. मी काठीसारखा ताठ उभा राहिलो, आणि मग नाही राहिलो.

एकूण विचार करता डावपेच म्हणून हे उत्तमच. विभागात आता माझ्या बाजूचं कुणीतरी असेल.

३१ मार्च
कंत्राट संपलं. खोली रिकामी केली. पुढे काय करणार, असं मुनाकाता सेन्सेईंनी विचारलं. म्हटलं, स्वतंत्र संशोधन. ते म्हणाले, छान, म्हणजे स्वयंपाकही शिकशील.

१ एप्रिल
तोमोएचा पहिला दिवस. मीही सोबत गेलो, ऑफिसने बोलावलं होतं. खिडकीतल्या मुलीने ओळखलं, उठून वाकली. म्हणाली, अभिनंदन सेन्सेई, तुमचं कार्ड. कोरं करकरीत. वर विद्यापीठाच्या आरोग्य विमा संघाची मोहर, मधे ठळक अक्षरांत माझं नाव. ऊर भरून आला. खाली लहान अक्षरांत: कुरेबायाशी तोमोए यांच्यावर अवलंबून असलेले पती.

सवयीने विचारलं, मुदत कधीपर्यंत आहे?

ती म्हणाली, छे हो सेन्सेई, याला कसली मुदत? हे कायमचं.