वरण मुरायला ठेवलं आहे

२ फेब्रुवारी, सकाळी
बायको पहाटेच्या गाडीने गेली. सहा महिन्यांची बदली. निघताना स्वयंपाकघराकडे अशी बघत होती, जणू घरात आजारी माणूस सोडून चालली आहे. म्हणाली, डाळ तेवढी नीट शिजव, बाकी देव बघेल. मी म्हटलं, देवाला कशाला त्रास, मी आहे ना.  

आजपासून स्वयंपाक माझ्याकडे. ताईला तसा शब्दच दिलाय. गेल्या महिन्यात बाबांनी गॅसवर दूध ठेवलं आणि पेपर वाचत बसले. पातेल्याचा कोळसा, खिडकीचा पडदा पेटला. तेव्हापासून ताईचं एकच पालुपद, बाबांना मी घेऊन जाते. शेवटी तह झाला. बाबा गॅसला हात लावणार नाहीत आणि मी त्यांना दोन वेळा धड जेवायला घालीन. यातलं एक जरी मोडलं तर बाबा ताईकडे. ताई चौथ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. बाबांचे गुडघे बघता, एकदा वर गेले की गेले. बाग नाही, बाकावरची मित्रमंडळी नाहीत. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी बघत बसायचं.

बाबांनी मला एवढंच विचारलं, जमेल ना रे तुला?
सख्खा बाप. आणि हा अविश्वास.

खबरदारी म्हणून लायटर ऑफिसच्या बॅगेत टाकला. रोज माझ्याबरोबर येईल, माझ्याबरोबर जाईल. विषय संपला.

३ फेब्रुवारी, रात्रीचं जेवण झाल्यावर
तुरीचं वरण, भेंडीची भाजी. भात कुकरला. पोळ्या कोपऱ्यावरच्या बाईंकडून.
भेंडी आधी चिरली, मग स्वच्छ धुतली. बायको उलटं करते. आधी धुते, पुसते, मग चिरते. भाजीला थोड्या तारा आल्या. पौष्टिक असतात.
मोहरी तडतडेपर्यंत थांबायचं म्हणे. का? तेवढ्या वेळात तेल जळतं आणि अंगावर उडतं. आवाज म्हणजे चव नव्हे. थांबलो नाही.

दुपारी ऑफिसात डबा उघडला. डाळ खाली, पाणी वर, दोघांची ओळख नसल्यासारखी. शेजारच्या टेबलावरच्या अकाउंट्सच्या बाई डोकावल्या. म्हणाल्या, साहेब, पोट बिघडलंय का? डॉक्टरांनी असलं खायला सांगितलंय? मी दुर्लक्ष केलं. बाईंचा स्वभावच आकड्यांचा.

पण खरी गंमत पुढेच. संध्याकाळी घरी तेच वरण, त्याच पातेल्यातलं, वाढून घेतलं. एकजीव! दाट! लसणीचा खमंग वास! लसूण घातल्याचं मला आठवत नाही, पण घातलीच असणार. भेंडीच्या ताराही गेलेल्या. बाबा म्हणाले, छान झालंय. मान खाली घालून म्हणाले. मुलाचं तोंडावर कौतुक करायची सवय नाही त्यांना.

५ फेब्रुवारी
तीन दिवस तोच अनुभव. डब्यातलं वरण बेचव, घरातलं अप्रतिम. विचार केला आणि कारण सापडलं. डबा बसमध्ये हिंदकळतो. घरातलं वरण ओट्यावर शांत बसून असतं. वरण मुरतं! लोणचं मुरतं हे सगळ्यांना माहीत आहे. वरणाला कुणी ती संधीच देत नाही, शिजलं की लगेच ओरपतात.
बायकोला फोनवर सिद्धांत सांगितला.  तिने विचारलं, दुपारी बाबा काय करतात? मी म्हटलं, झोपतात. ती म्हणाली, बरं. तिच्या ‘बरं’मध्ये नेहमीच काहीतरी असतं. मी शोधायला जात नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
दुधी आणि मुगाची डाळ. आज घरीच होतो, म्हटलं मुरण्याची प्रक्रिया डोळ्यांनी बघावी. पण बाबांनी बसू दिलं नाही. आधी म्हणे रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. आणून दिल्या तर जुनी पाकिटं ड्रॉवरमध्ये तशीच. मग पेपर हवा. मग म्हणाले, हा पेपर नव्हे रे, दुसरा. वय झालं की असं होतं. परत येईपर्यंत वरण मुरलं होतं, नेहमीपेक्षा लवकर. मुगाची डाळ मुळात हलकी, तिला वेळ कमी लागत असावा.
बाबा घामाघूम होऊन खुर्चीत बसले होते. विचारलं तर म्हणाले, उकडतंय. मी स्वेटर घातला होता.

११ फेब्रुवारी
ताईचा व्हिडिओ कॉल. तिने बाबांना कॅमेऱ्याजवळ बोलावलं, आणखी जवळ, आणि म्हणाली, कॉलर बघ त्यांची, दोन बोटं जातील आत. बाबा म्हणाले, शर्ट जुना आहे, सैल झालाय. ताई म्हणाली, शर्ट म्हातारा होत नाही बाबा. मग माझ्याकडे वळली. म्हणाली, बाळ्या, बावीस तारखेला रविवारी जेवायला येतेय. तूच केलेलं खाणार. मग ठरवू.
पन्नाशीच्या माणसाला बाळ्या.
फोन ठेवल्यावर बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, काळजी करू नका, माझं वरण आहे ना. त्यांनी डोळे मिटले. निश्चिंत झाले बहुधा.

१३ फेब्रुवारी
काहीतरी गडबड आहे.
बाल्कनीत कुंडीला पाणी घालताना मातीत जळक्या काड्या दिसल्या. काडेपेटीच्या. बऱ्याच. नीट पुरलेल्या.
घरात काडेपेटी नाही. लायटर माझ्या बॅगेत. मग काड्या कसल्या?

१४ फेब्रुवारी
रात्रभर विचार केला. उत्तर एकच. बाबा सिगारेट ओढतात.
जन्मात कधी ओढली नाही, हे मला माहीत आहे. पण एकटेपणात माणूस काय करेल सांगता येत नाही. ते आंघोळीला गेल्यावर शर्ट हुंगला. हिंगाचा वास! सिगारेटचा वास लपवायला अंगाला हिंग चोळतात. म्हातारा पोचलेला आहे.
ताईला कळलं तर? संपलंच. ती म्हणेल, गॅस नाही तर नाही, पेटती सिगारेट घेऊन झोपतील.
कोटाच्या आतल्या खिशात चष्म्याचं घर, त्यात काडेपेटी. पुरावा म्हणून माझ्याकडे घेतली. सिगारेटचं पाकीट मात्र सापडलं नाही.

१६ फेब्रुवारी
डोकं दुखतंय म्हणून ऑफिसातून लवकर आलो. बाबा दारातच उभे. आत जाऊ देईनात. म्हणाले, चल, फिरून येऊ. मी म्हटलं, बाबा, डोकं फुटतंय. पाणी प्यायला आत गेलो, ओट्यावर हात टेकला तर शेगडी गरम लागली. दुपारचं ऊन पडत असणार. स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी आहे, पण भिंती तापतात आणि ती उष्णता फिरते.
मग बाबांचं बोट दिसलं. तर्जनीवर फोड, टपोरा.
आता बोलणं भागच होतं. सरळ विचारलं, बाबा, सिगारेट ना? त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग बोटाकडे. मग ओट्याकडे. खूप वेळ. मग म्हणाले, हो रे. एखादी ओढतो.
मी म्हटलं, ताईला सांगणार नाही, पण आजपासून बंद. ते म्हणाले, बरं.
माणसं ओळखावी तर मीच.

१७ फेब्रुवारी
ऑफिसात जेवताना सिद्धांत नीट मांडला. शांतता, वेळ आणि झाकण. अकाउंट्सच्या बाई ऐकून म्हणाल्या, आमच्याकडे पण सासूबाई होत्या तोवर वरण असंच मुरायचं हो. बघा, बाईंनासुद्धा अनुभव आहे.
घरी वरण रोज मुरतंय, सगळं सुरळीत आहे. मात्र कुंडीत आज आणखी दोन काड्या. नवीन पेटी आणलेली दिसते. रविवारी एक क्षणही नजरेआड होऊ देणार नाही.

२१ फेब्रुवारी
बाबांच्या उशीखाली नवी काडेपेटी सापडली, तीही जप्त. उद्याची योजना. पहाटे स्वयंपाक: तुरीचं वरण, फ्लॉवर-बटाटा, पालकाची डाळ. सगळं झाकून घर बंद. बाबांना बरोबर घेऊन बाहेर. न्हावी, बाग, तिथून ताईला घ्यायला बसस्टँडवर. म्हणजे वरणाला सलग शांतता मिळेल आणि बाबांना सिगारेटची सोय राहणार नाही. एका दगडात दोन पक्षी.
बाबांना सांगितलं. त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, मी घरी थांबतो, तू एकटा जा तिला आणायला. मी म्हटलं, अजिबात नाही. म्हणाले, गुडघे दुखतायत. मी म्हटलं, रिक्षा करू. रात्री दोनदा उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. व्यसन वाईट.

२२ फेब्रुवारी, रविवार, सकाळी
झालं सगळं. चव घेतली. अजून वरण बेचव आहे, डाळीचा कण दाताखाली येतो, फ्लॉवर जरा करकरतो. म्हणजे मुरायला भरपूर वाव आहे. निघतोय.

तोच दिवस, संध्याकाळी
लिहावं की नाही असं वाटत होतं. लिहितो. रोजनिशी आहे.

न्हाव्याकडे बाबा अर्ध्या दाढीवर उठले. म्हणाले, गॅस बंद केलास का, मी बघून येतो. न्हाव्याने खांदा धरून बसवलं. बागेत म्हणाले, पोटात कळ आली, घरी जातो. मी म्हटलं, बागेत सोय आहे, मी दाराशी उभा राहतो. राहिलो. बसस्टँडवर माझा हात धरून म्हणाले, अरे, अर्धा तास दे मला. अर्धाच तास. मी म्हटलं, बाबा, एक दिवस नाही ओढली तर मरणार नाही. त्यांनी हात सोडला. 

ताई आल्या आल्या जेवायला बसली. तिने वरण भातावर घेतलं. पाणी ताटभर पसरलं, डाळ मध्येच बेटासारखी उरली. एक घास खाल्ला. चमचा खाली ठेवला. बाबा खात होते. भरभर, मान वर न करता. संपवून पुन्हा वाढून घेतलं आणि म्हणाले, छान झालंय. पालकाची डाळ तर फारच. तू घे ना गं अजून.
ताई म्हणाली, बाबा, हे रोज खाता?
बाबा म्हणाले, आवडीने.
त्यांच्या दाताखाली डाळ वाजत होती. ती मला टेबलाच्या पलीकडून ऐकू येत होती.

मी ताईला समजावलं की अजून मुरलेलं नाही, संध्याकाळपर्यंत थांब. ती म्हणाली, वरण मुरतं? कुठल्या गावाला? मी म्हटलं, विचार बाबांना, रोज संध्याकाळी कसं लागतं! बाबा म्हणाले, जेव गं, गार होतंय. ती म्हणाली, हे अन्न खाऊन माणूस वाळणार नाही तर काय होणार? बॅग भरा बाबा.
मला ते सहन झालं नाही. माझ्या हातच्या जेवणाने नव्हे! म्हणून सांगून टाकलं. ते वाळतायत सिगारेटने. आणि काडेपेट्या आणून तिच्यासमोर ठेवल्या, दोन्ही, कालची नवीसुद्धा. कुंडीतल्या काड्यांचं सांगितलं. बोटावरचा फोड दाखवला. शर्टाचा हिंगही सांगितला, काही ठेवलं नाही.

ताई हसेल किंवा रडेल असं वाटलं. तिने दोन्ही केलं नाही. बाबांचं बोट हातात घेऊन बघितलं. मग मला म्हणाली, गाढवा, आईला उठवत नव्हतं तेव्हा शेवटची दोन वर्षं तिला कोण करून घालत होतं? तुला काय वाटलं, हॉटेलातून येत होतं?
मला खरंच तसं वाटलं होतं. मी तेव्हा फिरतीवर असायचो.

मग ती बाबांकडे वळली. म्हणाली, गॅस पेटवत होतात. एकटे. घरात कुणी नसताना.
बाबा म्हणाले, एकदाही हललो नाही समोरून. आच बंद होईस्तोवर तिथेच उभा असायचो. रवीने घोटायचं, मीठ घालायचं, वर एक फोडणी. काय मोठं काम आहे? पोरगं दमून येतं. तोंड कडू करून झोपायचं का त्याने?
ताई म्हणाली, आणि हे बोट?
बाबांनी बोट मुठीत घेतलं.

मी म्हटलं, ताई, आपण पुन्हा ठरवू. ती म्हणाली, ठरलेलं मोडलं, आणि त्याचा पुरावा तूच टेबलावर आणून ठेवलास.
खरं तर मी सिगारेटचा पुरावा ठेवला होता.

पाचच्या गाडीने गेले. बाबा निघताना स्वयंपाकघरात एकदा जाऊन आले. दारात म्हणाले, मोहरी तडतडू देत जा रे. घाबरू नकोस तिला.

२३ फेब्रुवारी, सकाळी
तुरीचं वरण केलं. एकट्याला जास्तच झालं. मोहरी टाकली. पहिली उडाली आणि मी गॅस बंद केला. हळूहळू सवय होईल.
ताईचा फोन. चौथा मजला चढायला बाबांना बराच वेळ लागला, दोनदा पायरीवर बसले. आता खिडकीशी बसलेत म्हणाली.
बायकोचाही फोन. सगळं ऐकून म्हणाली, मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही दोघं जेवत होतात ना नीट.
ऑफिसला निघालो. वरण झाकून ठेवलंय. लायटर बॅगेत टाकला. टाकायची गरज नव्हती, बसमध्ये लक्षात आलं.

संध्याकाळी
झाकण काढलं. डाळ खाली, पाणी वर.
घाई केली. अजून थोडा वेळ ठेवून बघतो.