माझं अभेद्य इनॅमल

सोमवार, ६ ऑक्टोबर. सकाळी ७.
ताश्कंदहून पत्र. दंतवैद्यांच्या परिषदेत शुक्रवारी, १७ तारखेला, वीस मिनिटं बोलायचं. एकोणीस वर्षं समरकंदच्या कॉलेजात इनॅमलची केमिस्ट्री शिकवतोय, आज कुठे यांना जाग आली! भाषण रंगलं की विभागप्रमुखपद माझंच. डीननी जवळजवळ शब्दच दिलाय. (म्हणाले, बघू.)
विषय ठरला : 'अभेद्य कवच'. संकल्प : रोज दोन पानं. चहाबरोबर खडीसाखर बंद.

मंगळवार, ७.
खडीसाखर पुढच्या सोमवारपासून बंद. एकदम सोडली तर शरीराला धक्का बसतो.
वर्गात नेहमीचा प्रयोग. जर्दाळूची खारवलेली बी डावीकडच्या दातांत धरली, कडाक्कन फोडली, गर खाल्ला. सांगितलं, बघा, कॅल्शियम आणि फॉस्फेट! षट्कोनी स्फटिक, काड्यांच्या जुडीसारखे घट्ट बांधलेले. शंभरातले शहाण्णव भाग निव्वळ खनिज. टाळ्या. मागच्या बाकावरून कुणीतरी आणखी एक बी पुढे केली. तीही फोडली.

गुरुवार, ९.
डावीकडे ठणका. पण इनॅमलमध्ये ना पेशी, ना नस. ते दुखूच शकत नाही. म्हणजे दुखत नाही. बायकोला समजावलं. मवलुदा म्हणाली, मग सकाळपासून गाल धरून बसलंय ते कोण, शेजारी? जा, सओदतला दाखवा.
सओदत माझी जुनी विद्यार्थिनी. गल्लीच्या तोंडाशी दवाखाना टाकलाय. माझ्या विषयात कशीबशी पास झाली होती. तिच्यापुढे मी तोंड उघडू?

रविवार, १२.
भाषणाचं पहिलं वाक्य झालं. फारच छान झालंय.
गाल सुजला. स्वतःच उपाय केला : अंड्याचं टरफल कुटून, आंबट दह्यात कालवून, दातावर लेप. कॅल्शियम मिळालं की स्फटिक आपले आपण भरतात. दह्यातलं आम्ल इनॅमल विरघळवतं, हे नंतर आठवलं.

बुधवार, १५. दुपारी.
ठणका एकदम थांबला! विज्ञानाचा विजय. मवलुदाने लगेच सओदतला विचारून घेतलं. ती म्हणते, एकदम थांबला म्हणजे नस मेली, उस्तादांना आजच्या आज घेऊन या. या डॉक्टरांना सुखाने बसवत नाही. आनंदात चहा, खडीसाखरेचे तीन खडे.

शुक्रवार, १७. पहाटे ५.४०.
निघताना आईने नान पुढे धरलं. परगावी जाणाऱ्याने घास तोडायचा, उरलेलं तो परतेपर्यंत भिंतीला टांगायचं. म्हटलं, आई, उद्या परत येतोय. म्हणाली, तुझा बाप फौजेत गेला तेव्हा असाच घास तोडून गेला, म्हणून परत आला. नीट चाव रे, कोंबडीसारखं टोचू नकोस.
डावीकडून चावलो. कडाक्कन. दात नानमध्ये.
काढू गेलो तर आईने हातावर चापट मारली. चावलेल्या नानला हात लावायचा नाही. दातासकट खिळ्याला टांगलं. म्हणाली, आता तर तू नक्की परत येशील.

शनिवार, १८.
कालचं भाषण तोंडावर रुमाल धरून केलं. वाक्य एकच होतं, ते तीनदा वाचलं. चौथ्या मिनिटाला अध्यक्षांनी आभार मानले.
घरी परतल्यावर नान उतरवलं. दात घेऊन सओदतकडे गेलो, मागच्या दाराने. तिने भिंगाखाली बराच वेळ पाहिला. म्हणाली, उस्ताद, तुम्ही शिकवलंत ते खरं होतं. एवढंसं छिद्र सोडलं तर कवच अजून किती सुंदर आहे. आत मात्र काहीच उरलेलं नाही. तुमच्या वर्गाला दाखवायला चांगला आहे, द्याल का? बरणीत घालून पाठवते.
खूप लाज वाटली. नाही म्हणता आलं नाही.

सोमवार, २७.
विभागप्रमुखपद दुसऱ्याला.
दाताची बरणी माझ्या वर्गाच्या फळीवर आली. सओदतने चिठ्ठी लावलीय : 'कवच शाबूत, आतून पोकळ.' मी विनवलं होतं म्हणून नाव घातलं नाही. पोरं बरणीकडे बघत होती, मग माझ्या डाव्या गालाकडे.
मागच्या बाकावरून आज कुणीच बी पुढे केली नाही.