खोलीबाहेरचं स्टूल

मंगळवार, २ डिसेंबर

आशू बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी आली, त्याला आज पाच दिवस झाले. मुलगी आहे. वजन कमी, म्हणून दर दोन तासांनी उठवून पाजायचं. निघताना नर्सने बजावलंय की पाजताना डोळा लागता कामा नये. पेंग येतेय असं वाटलं की बाळाला लगेच तिच्या गादीवर ठेवायचं, पाठीवर, जवळ उशी नाही, पांघरूण नाही.

जावई पुण्याला, शनिवारी येतात. रात्री आशूच्या सोबतीला मीच, असं मी धरून चालले होते. लेक माझी.

काल रात्री दोनला उठले तर तिच्या खोलीबाहेर प्लॅस्टिकचं स्टूल. त्यावर हे, दाराकडे पाठ करून, कानटोपी घालून. एकतीस वर्षं कंडक्टरकी केली, निवृत्त झाल्यापासून नऊलाच घोरतात. आणि काल टक्क जागे.

"चिकलठाणा गेलं. म्होरं?"
"शेंद्रा," आतून आशू.
"मंग?"
"करमाड."
"करमाडला कोण उतरलं?"
"बाबा, ती कोंबडीवाली! जिचं तिकीट तुम्ही कोंबडीसकट फाडलंत!"

हसत होती. बाळ झाल्यापासून पहिल्यांदा. मी पाणी प्यायले आणि परत येऊन पडले.

गुरुवार, ४ डिसेंबर

मालिश, कढत पाणी, शेक, अळिवाची खीर, दुपटी धुणं, सगळं माझ्याकडे. आशू फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "माझे बाबा ना, रात्रभर बसतात बाहेर." तिच्या पायांना तेल चोळत मी खाली बसलेली. ऐकलं. चोळत राहिले.

आशू झाली तेव्हा आम्ही उस्मानपुऱ्यात एका खोलीत होतो. हे नागपूरच्या रात्रीच्या गाडीवर. मी एकटी. पाजताना झोप येऊ नये म्हणून थंड पाण्याच्या परातीत पाय सोडून बसायची आणि कॉन्व्हेंटमध्ये घोकलेले इंग्रजी पाढे म्हणायची. बाराचा पाढा संपला की बाजू बदलायची. सकाळी हे यायचे, आंघोळ करून भिंतीकडे तोंड करून झोपायचे. रात्र कशी गेली, एकदाही विचारलं नाही.

हे लिहायचं नव्हतं. पण शाळेत सिस्टरांनी सवय लावली आहे. शाईने लिहायचं आणि खोडायचं नाही.

रविवार, ७ डिसेंबर

याकूबभाई आले. यांच्या गाडीवरचे ड्रायव्हर, आता शहागंजात मुलाच्या दुकानात बसतात. बाळासाठी लोकरीची टोपी आणली. बाळाकडे पाहिलं, यांच्या स्टुलाकडे पाहिलं आणि हसत सुटले.

"भाभी, इनों मेरेकू बारा साल सोने नै दिये! रातभर सवाल. मेहकर के बाद क्या, कौन उतर्‍या, किसका सामान रह गया."
"तुला झोपू दिलं असतं तर आज खीर खाया कोण आलं असतं रे?" हे.
"और मैं तीन बार खाली 'हं' बोल्या तो गाडी साइड में. पासिंजर चिल्लाओ नै तो गाली देओ. इनों बोलते, ड्रायव्हर पंध्रा मिनट सोयेगा, मंग गाडी निकलेगी."

आशू आतून म्हणाली, "काका, मलाही तसंच करतात. तीनदा हं झालं की म्हणतात, बाळ खाली ठेव."

सगळे हसले. मीही.

बारा वर्षं. एका ड्रायव्हरला बारा वर्षं जागं ठेवलं यांनी. आणि माझ्या पायाखाली परात.

सोमवार, ८ डिसेंबर

ठरवलं. दुपारचं पाजणं माझं. यांना सांगितलं, "दुपारी मी बसेन. तुम्ही बाजारात जा, गोडंबी संपली आहे."
"बस की. कोण नको म्हनतंय?"
कोण नको म्हणतंय. हेच चिडवतं मला. भांडायलाही जागा ठेवत नाहीत.

पलंगावर बसून पाजलं की आशू कलंडते, म्हणून हॉलमधली मोठी आरामखुर्ची तिच्या खोलीत आणवली. दोन्ही बाजूंना उशा, वर माझी शाल. "किती मऊ आहे गं आई," म्हणाली. बरं वाटलं.

मंगळवार, ९ डिसेंबर

आजचंही लिहिते.

दुपारी जेवणात खसखशीची खीर केली होती. आशू म्हणाली, "आई, हिने झोप येते ना?"
"पाजून झाल्यावर झोप की. माहेरी नाही झोपायचं तर कुठे?"

मग आरामखुर्ची, शाल, बाळ. मी समोर पलंगावर. मला गावांची नावं येत नाहीत, म्हणून तिच्या लहानपणीच्या गोष्टी काढल्या. छावणीतल्या माझ्या माहेरी ती पाटावर बसून बिस्किटं दुधात बुडवायची, तिचा निळा फ्रॉक, पेरूचं झाड. ती "हं" म्हणत होती. मी सांगत राहिले. मलाच किती गोड वाटत होतं ते सगळं.

जाग आली ती बाळाच्या रडण्याने. बाळ यांच्या हातात होतं. गोडंबीची पुडी जमिनीवर फुटलेली. यांचा चेहरा पांढरा.

बाळ आशूच्या हातातून घसरून खुर्चीचा हात आणि उशी यांच्यामध्ये गेलं होतं. नाक शालीत. यांनी मला ते मागाहून सांगितलं, स्वयंपाकघरात, हळू आवाजात. "रडत नव्हतं," एवढंच म्हणाले.

आशू दचकून उठली. "काय झालं? बाबा, काय झालं?"
हे म्हणाले, "काय नाय. घसरलं व्हतं जरा. तुझ्या आईनं टायमावर उचलून माझ्याकडं दिलं."

आणि मी खाली सांडलेली गोडंबी वेचू लागले.

आशूने माझा हात धरला. "आई, तू होतीस म्हणून."

लगेच डॉक्टरांकडे नेऊन दाखवलं. बाळ ठीक आहे. जाताना आणि येताना रिक्षात आशू माझ्या खांद्याला टेकलेली.

बुधवार, १० डिसेंबर

सकाळी आरामखुर्ची मीच ओढत बाहेर काढली. दवाखान्यात काल सांगितलं की पाजायला खुर्ची-सोफा सगळ्यात वाईट, त्यापेक्षा मोकळा पलंग बरा. मला वाटलं होतं उलटं.

चहाच्या वेळी यांना विचारलं, "खोटं का बोललात?"
"ड्रायव्हरला डुलकी लागली तर ते पासिंजरला सांगत नसत्यात. डेपोत सांगत्यात."
"मग डेपोत कुणाला सांगितलंत?"
"तुलाच की, कालच."

रागवावं तरी कसं? बोलले असते, ओरडले असते, तर बरं झालं असतं.

रात्री जेवताना आशू म्हणाली, "बाबा, तुम्ही आता झोपा. आईच बसेल माझ्याजवळ." यांनी मान हलवली. स्टूल उचलून माझ्या बाजूला ठेवलं.

हवं ते मिळालं मला.

शुक्रवार, १२ डिसेंबर

दोन रात्री मी स्टुलावर. रक्तदाबाची गोळी घेतली की माझेच डोळे जड होतात. परात आणली, पाणी भरलं, पाय सोडले. आशू म्हणाली, "आई, हे काय?" म्हटलं, "पाय दुखतात."

यांचीच पद्धत वापरते. गावांऐवजी तिच्या शाळेतल्या वर्गमैत्रिणींची नावं विचारते, हजेरीच्या क्रमाने. तीनदा "हं" आलं की उठून बाळ उचलते आणि गादीवर पाठीवर ठेवते. पहाटे चारला तसंच केलं. तेव्हा आशू डोळे मिटूनच म्हणाली, "तू असलीस की मला भीतीच वाटत नाही गं. बाबांच्या वेळी मी जागी राहायचे. तुझ्या वेळी झोप लागली तरी चालतं."

चालतं!

खोली थंड होती, परातीतलं पाणी त्याहून थंड. माझी झोप पार उडाली. ज्या गोष्टीवर ती विसंबते आहे ती घडलेलीच नाही.

रविवार, १४ डिसेंबर

जावई सकाळच्या गाडीने परत गेले. अकराचं पाजणं झालं, बाळ गादीवर ठेवलं, आणि मी दार लोटून सांगितलं. खीर, पेरूचं झाड, माझा डोळा लागला ते, उचललं कुणी ते. काही गाळलं नाही. का बसायचं होतं तेही. परातीचंही.

आशू बाळाकडे बघत ऐकत होती. मग विचारलं, "बाबांना माहीत होतं?"
"उचललं त्यांनीच."
"म्हणजे पाच दिवस..."

बाळाच्या पोटावर हात ठेवून बसली, श्वास मोजत असल्यासारखी. मी बाहेर आले. यांना सांगितलं, "डेपोत होतं ते पासिंजरला सांगितलं." यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बरं केलंस," म्हणाले.

आता दुपारचा एक वाजायला पाच मिनिटं आहेत. पुढच्या पाजण्याची वेळ. मी स्वयंपाकघरात, उघडी वही पुढ्यात. हे हॉलमध्ये पेपर घेऊन बसलेत, पण पानाचा आवाज येत नाही. स्टूल दारापाशी रिकामं.

आत बाळ कुरकुरलं. आशूच्या बांगड्या वाजल्या, म्हणजे उठून बसली असेल.

अजून तिने कुणालाच हाक मारलेली नाही.