पाडव्यापासून पक्कं!

अहो,

रागावून लिहितेय, आधीच सांगते. तुम्ही असता तर तोंडावर बोलले असते.

गेल्या रविवारी वसंत भावजी घरी आले होते, सोबत त्यांच्या सुशीलाताई. तुमच्या कापड दुकानाला लागून त्यांचं भांड्यांचं दुकान, तुमची जिगरी दोस्ती, म्हटलं सहज आले असतील. तर त्यांना तुमचा फोटो पाहिजे होता. फ्लेक्सवर लावायला!

"आण्णांच्या नावानं चालायचा ग्रुप काढतोय वैनी," म्हणाले. "अख्खी पेठ येणार. एकसारखे टी-शर्ट. उद्घाटनाचा नारळ तुमच्या हातानं."

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून!"

"उद्यापासून का नको?"

"आवो वैनी, पितृपक्ष हाय की! आता कुठं नवीन काम काढता?"

आपल्या दारातल्या दोन पायऱ्या चढून आलेला माणूस. पाण्याचा तांब्या हातात घेऊन नुसत्या धापा टाकत होता, आणि त्याला दसरा पाहिजे! माझं टाळकंच सरकलं. कारण हे बोलणं त्यांचं नव्हतंच हो, तुमचं होतं. फाल्गुनात तुम्ही गेलात, पण तुमचं खूळ काही आपलं वाशी गाव सोडून गेलं नाही.

किती वेळा सुरुवात केलीत तुम्ही? पाडवा झाला, दसरा झाला, एक जानेवारीसुद्धा सोडली नाहीत. आणि सुरुवात अशी की घरात लग्नच निघालंय! नवीन बूट. पहाटे उठून गार पाण्यानं अंघोळ. पार फाट्यापर्यंत चालणं. चहा बंद, भात बंद, गोड बंद, सगळं एकाच दिवशी. मी म्हणायचे, एवढं एकदम कशाला? दुपारी जेवण झालं की बाजारतळापर्यंत एक चक्कर मारा, पण रोज मारा. तर हसायचात मला. "एवढ्याशानं काय हुतंय? करायचं तर दणक्यात!"

दणका टिकायचा आठवडाभर. मग एखाद्या लग्नाचा बस्ता यायचा, दोन्हीकडची मंडळी कापड काढायला दुकानात बसायची, त्यांच्याबरोबर गोड चहा व्हायचा, दुसऱ्या दिवशी उठायला उशीर. झालं! त्याच दुपारी भजी आणि जिलेबीचा पुडा घेऊन घरी. "आता मोडलंच हाय तर राहू दे. पाडव्यापासून पक्कं!"

मोडलं म्हणजे काय? व्रत होतं का ते? डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, उद्यापन करायला नाही.

सोमवारचा उपवास तुमचा जन्मात चुकला नाही. प्राजूच्या बारावीच्या वेळी परंड्यापासून सोनारीला भैरवनाथाला अनवाणी चालत गेलात. पायाला फोड आले, तोंडातून ब्र काढला नाहीत. तेव्हा बरे पाय चालले! लेकीच्या मार्कांसाठी चालले. मग तिच्या डोक्यावर बाप राहावा म्हणून का नाही चालले?

आणि एक गोष्ट मला अजून पचत नाही. तुमच्या दुकानाला कधी खाडा पडला नाही व्हय? कधी गाव बंद असायचं, कधी कुणाची मयत, कधी तुम्हालाच ताप. शटर खाली असायचं. मग काय दिवाळीपर्यंत खालीच ठेवलंत? दुसऱ्या दिवशी सकाळी झाडलोट करून, गादी झटकून बसलेले असायचात! दुकान मोडलं असं कधी म्हणाला नाहीत. एवढी साधी अक्कल गिऱ्हाइकासाठी होती, आणि स्वतःच्या जिवासाठी कुठं गहाण पडली होती?

शेवटच्या वेळी डॉक्टर तुमच्यावर चिडलेच होते. साखर वाढलेली, बीपी वाढलेलं. घरी आल्यावर मी चपला घालून दारात उभी राहिले. "चला, निदान मारुतीच्या देवळापर्यंत." तुम्ही खुर्चीतूनच हात हलवलात. "आता पाडवा आलाच की तोंडावर. पाडव्यापासून पक्कं."

पाडवा आला. गल्लीत दारोदार गुढ्या उभ्या राहिल्या. आपल्या दारात नव्हती.

मला धड रडूसुद्धा आलं नाही, इतका राग आला होता. अजून आहे. बायका म्हणतात, गेलेल्या माणसावर रागवू नये. का रागवू नये? माणूस माझा होता!

मागच्या महिन्यात माझी पण साखर निघाली. व्हय, माझी! लातूरला प्राजूला फोन करून सांगितलं. पोरगी म्हणाली, "आई, तू कुठल्या सणापासून सुरू करणार आहेस?" टोमणाच होता तो, पण बोलताना तिचा आवाज फुटत होता. तिला आता एकच माणूस उरलंय. आणि तेही जाईल अशी तिला भीती वाटायला लागली आहे.

म्हणून रविवारी भावजींवर मी जी तुटून पडले! "फोटो मिळणार नाही. नारळ फोडणार नाही. माझ्या माणसाचा फोटो टांगून त्याचीच चूक पुन्हा करता? लाज वाटत नाही?" भावजींनी तांब्या खाली ठेवला. सुशीलाताईच म्हणाल्या, "मी येते उद्या. ह्यांचं ह्यांनी बघावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंही दारात हजर. टी-शर्ट नाही, बूट नाही. बाजारतळापर्यंत गेलो आणि आलो, बास. रस्त्यात कुणीतरी विचारलंच, "पितृपक्षात कुठं निघाला हो सकाळी सकाळी?" मी म्हटलं, "दवाखाना चुकवायला!"

काही दिवस बरे गेले. काल घरात पाहुणे होते, जमलंच नाही. आज उजाडत नाही तोच भावजींचा फोन. कसलीतरी सुटका झाल्यागत आवाज खूश. "वैनी, काल खंड पडला बघा. आता असं करू, घटस्थापनेपासून पक्कं!"

हातातला फोन तसाच ठेवला, चपला घातल्या आणि त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. "बाहेर या भावजी! आत्ताच्या आत्ता!" शेजारपाजार गोळा झाला, इतकी ओरडले. आले बापडे, बनियनवर शर्ट चढवत आले. तसेच बाजारतळाला जाऊन आलो.

तर आता ऐका. रोज चालेन असलं वचन मी देणार नाही. पाऊस लागेल, गुडघा धरेल, लग्नकार्यं निघतील, खाडे पडतील. पण खाडा पडला की दुसऱ्या दिवशी निघेन. अमावस्या असो, ग्रहण असो, निघेन. तुम्ही गेलात त्या दिवशी प्राजू लातूरहून एकटी एस.टी.त बसून आली. वाटेत कुणी तिला खरं सांगितलं नव्हतं, आणि दारातली गर्दी बघून ती पायरीवरच खाली बसली. माझ्यासाठी तशी एस.टी. मी माझ्या पोरीला इतक्यात धरू देणार नाही. हे मात्र वचन आहे.

तुमच्यावर अजून रागावलेली,
प्राजूची आई